खापरांची साक्ष

जुन्या वसाहतींच्या उत्खननांत सर्वांत अधिक सांपडणारी आणि सर्वांत कमी कौतुक होणारी वस्तु म्हणजे खापर. सोन्याचा मणि सांपडला तर वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें. मुद्रा सांपडली तर तिच्यावरील अक्षरांवरून विद्वानांचीं भांडणें दोनदोन पिढ्या चालतात. खापरें मात्र टोपल्यांनीं उचलतात, पाण्यानें धुतात, त्यांवर शाईनें क्रमांक घालतात आणि पेट्यांत भरून ठेवतात. घाट व नक्षी पाहून काळ ठरविला कीं त्यांचें काम संपलें, अशीच फार दिवस समजूत होती. परंतु मडकें हें काळ ठरविण्यासाठीं कोणी घडवीत नाहीं; तें शिजविण्यासाठीं घडवितात. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनीं ही साधी गोष्ट मनावर घेतली. मडक्याच्या बुडाला चिकटलेल्या काळ्या खरवडींत आणि त्याच्या मातींत मुरलेल्या स्निग्धांशांत हजारों वर्षांपूर्वींच्या स्वयंपाकाची खूण टिकून राहूं शकते, हें त्यांनीं प्रयोगानें दाखवून दिलें.

ही नवी विद्या आपल्याकडील सामान्य वाचकापर्यंत पोंचली ती मात्र दोन बातम्यांच्या रूपानें. पहिली बातमी अशी कीं, सिंधु-संस्कृतीच्या लोकांनीं जगांतील पहिली 'करी' शिजविली, आणि ती वांग्याची होती. दुसरी बातमी अशी कीं, तेच लोक सढळ हातानें मांस खाणारे होते. पहिली ऐकून एका पक्षानें मान डोलाविली. दुसरी ऐकून दुसऱ्या पक्षानें टाळी वाजविली. दोन्ही बातम्यांच्या मुळाशीं प्रामाणिक संशोधन आहे, आणि चमत्कार असा कीं, दोन्ही संशोधनांत एकाच गांवचीं खापरें आहेत. एकाच गांवच्या मडक्यांनीं दोन परस्परविरुद्ध साक्षी द्याव्या हें कसें घडलें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आमच्या मतें मडक्यांनीं विरुद्ध साक्ष दिलेलीच नाहीं. प्रश्न विचारणारे दोन होते, आणि प्रत्येकानें आपणांस ऐकूं येईल तेवढेंच ऐकलें.

तें गांव म्हणजे हरियाणांतील रोहतक जिल्ह्यांतलें फरमाणा. या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालीं, रोहतकचें विद्यापीठ व जपानी अभ्यासक यांच्या सहकार्यानें, तेथें उत्खनन झालें. घरांच्या ओळी निघाल्या, गल्ल्या निघाल्या आणि एक मोठी दफनभूमि निघाली. तेथील मडकीं, दगडी हत्यारें आणि पुरलेल्या माणसांचे दांत यांवरून अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर या अभ्यासकांनीं पिष्टकण काढून तपासले. त्यांचा निबंध २०१० सालीं इंग्लंडांतील 'अँटिक्विटी' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पिष्टकण म्हणजे कंद, बी, फळ यांत वनस्पतीनें आपल्या पुढील सोयीसाठीं सांठविलेल्या सत्त्वाचे अतिसूक्ष्म दाणे. तांदळाचा दाणा निराळा, आल्याचा निराळा, हळदीचा निराळा. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं जाणत्या डोळ्यास ते ओळखतां येतात. वाटल्यानें ते फुटतात, उकळल्यानें फुगून बेढब होतात, म्हणून आजच्या शिजविलेल्या अन्नांतील कणांशींहि त्यांना ताडून पाहावें लागतें. हें सर्व करून जीं नांवें हातीं आलीं त्यांत हळद, आलें व वांगें हीं होतीं. काळ सुमारें इ. स. पूर्वीं २५०० ते २२०० चा. हळद व आलें यांचा मनुष्याच्या स्वयंपाकांतील इतका जुना प्रत्यक्ष पुरावा त्यापूर्वीं ठाऊक नव्हता. तेव्हां निबंधाचें महत्त्व कमी लेखण्याचें कारण नाहीं.

पण हळद, आलें आणि वांगें हीं तीन नांवें एकत्र दिसतांच कोणाच्या तरी जिभेला पाणी सुटलें आणि 'करी' हा शब्द जन्मास आला. तो खापरावर लिहिलेला नव्हता. शब्दाचें मूळ तमिळ 'करि' मध्यें शोधतात. पोर्तुगीज व इंग्रज यांच्या तोंडीं पडून तो हिंदुस्थानांतील झाडून साऱ्या पातळ पदार्थांचें एकच नांव झाला. आमच्या घरांत कोणी 'करी' करीत नाहीं. आमटी करतात, रस्सा करतात, कालवण करतात, वांगीं भरून करतात, भाजून भरीत करतात. आणि यांपैकीं एकाला दुसऱ्याचें नांव दिलें तर जेवणारा तक्रार करील. परकी माणसानें दुरून पाहून दिलेलें हें घाऊक नांव चार हजार वर्षें मागें नेऊन फरमाण्याच्या गृहिणीच्या चुलीवर ठेवावें, हें आम्हांस शास्त्राचें काम वाटत नाहीं. २०१६ सालीं तर एका परदेशी वार्तासंस्थेनें या पुरातन करीची कृतीसुद्धां छापली. ज्यांनीं ती करून पाहिली त्यांनीं वांग्याची चांगली भाजी खाल्ली असेल. इतिहास खाल्ला असें मात्र म्हणतां येणार नाहीं.

हळदीचेंच पाहा. ती आमच्या घरांत डाळींत पडते, कापलेल्या बोटावर दाबतात, खोकल्यासाठीं दुधांत घालतात, लग्नांत अंगाला लावतात, आणि सूत रंगवावयासहि ती चालते. एखाद्या मडक्यांत हळदीचे कण सांपडले तर तें मडकें भाजीचें, काढ्याचें कीं रंगाचें, हें कण सांगत नाहींत. याच ठिकाणीं मूळ निबंधाचा एक गुण नोंदविला पाहिजे, ज्याकडे बातमीदारांनीं फारसें पाहिलें नाहीं. अभ्यासकांनीं मडक्यांपाशीं न थांबतां दांतहि तपासले. दांतांवरच्या कीटणांत अडकलेला कण म्हणजे तोंडांत गेलेला कण. तेथें रंगाची शंका उरत नाहीं. आमच्या दृष्टीनें फरमाण्याच्या साक्षीदारांत दांत हा पहिल्या प्रतीचा व मडकें दुसऱ्या प्रतीचें. हीं द्रव्यें माणसांच्या पोटांत जात होतीं एवढें धरून चालण्यास हरकत नाहीं. तीं एकाच वेळीं, एकाच भांड्यांतून, वांग्याच्या संगतीनें गेलीं हें मात्र कोणींहि सिद्ध केलेलें नाहीं.

तिन्हींचे कण एकाच मडक्यांत आहेत असें क्षणभर धरलें, तरीहि अडचण सुटत नाहीं. कारण मडकें एकदांच चुलीवर चढत नाहीं. आज त्यांत आलें पडलें, पंधरवड्यानें वांगें पडलें, पुढच्या हिवाळ्यांत हळद पडली, तरी चार हजार वर्षांनंतर येणाऱ्या पाहुण्यास तीं शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात. या अडचणीवर अमेरिकेंत एक प्रयोग झाला, तो आमच्या वाचकांस आवडेल असा आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत मेलनी मिलर, क्रिस्टीन हेस्टॉर्फ आणि त्यांचे सहकारी यांनीं कोलंबिया देशांतील ला चांबा येथील कुंभारांनीं घडविलेलीं नवीं काळीं मडकीं आणिलीं. सात जणांनीं एकेक मडकें घेतलें आणि वर्षभर, आठवड्याच्या आठवड्याला, प्रत्येकानें आपल्या मडक्यांत ठरलेलाच पदार्थ शिजविला. गहूं, मका आणि हरणाचें मांस यांतूनच पदार्थ करावयाचे असा नियम होता. प्रत्येक मडक्यांत पन्नासएक वेळां असें शिजल्यावर शेवटच्या खेपेस पदार्थ मुद्दाम बदलला. मग भांडीं तपासलीं. निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. बुडाला करपून चिकटलेली खरवड शेवटच्या स्वयंपाकाची गोष्ट सांगत होती. मातींत आंत मुरलेले स्निग्धांश मागच्या अनेक खेपांची, म्हणजे वर्षभराच्या संवयीची गोष्ट सांगत होते. आणि आंतल्या बाजूवर धरलेला पातळसा थर या दोहोंच्या मधला होता, त्यांत जुनें-नवें मिसळलेलें होतें. एकाच भांड्यांत अशीं तीन घड्याळें चालतात. कोणत्या घड्याळांत पाहून वेळ सांगितली हें सांगितल्याशिवाय 'प्राचीन जेवण' असें म्हणणें अर्धवट आहे.

मातीचें भांडें आपल्या पोटांतलें पितें हें आमच्या आजींना शिकविण्याची गरज नव्हती. दुधाचें मडकें दुधालाच ठेवीत, कारण दुसरें कांहीं त्यांत केलें तर पुढचें दूध नासे. धर्मशास्त्रकारांनींहि तेंच निरीक्षण निराळ्या हेतूनें केलें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचे नियम आहेत. धातूच्या भांड्यास तेथें राख, आम्ल व पाणी पुरतें. मातीचें भांडें मात्र पुन्हां भट्टींत भाजल्याखेरीज शुद्ध होत नाहीं, आणि कांहीं मलांचा स्पर्श झाल्यास भाजूनहि होत नाहीं. नियमांमागील सोंवळ्याची कल्पना बाजूस ठेवली, तर धातु वरचेवर धुतां येतो आणि माती आंतपर्यंत शोषते, हा त्यांतील भाग आजच्या रसायनशास्त्रज्ञानें तसाच मान्य करावा असा आहे. किंबहुना त्याची सर्व उपजीविका त्यावरच चाललेली आहे.

मडक्याऐवजीं तयार पदार्थच सांपडला तर वाद मिटेल, असें कोणास वाटेल. चीनमधील छिंगहाय प्रांतांत लाजिया येथें तसें झालें. चार हजार वर्षांपूर्वींच्या एका उपड्या वाडग्याखालीं पिंवळसर, बारीक, हातभर लांब शेवयांचा गुंता सांपडला. २००५ सालीं त्याचें वृत्त 'नेचर' मध्यें आलें आणि त्या राळ्या-वऱ्यासारख्या भरड धान्यांच्या आहेत असें सांगण्यांत आलें. दुसऱ्या अभ्यासकांनीं आक्षेप घेतला कीं, या धान्यांत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ ओढून अशा शेवया होणार नाहींत. मूळ संशोधकांनीं पुढें प्रयोग करून दाखविलें कीं, ओढून नव्हे तरी पीठ उकड काढून यंत्रांतून दाबून पाडल्यास होतात. हें यंत्र आपल्या सोऱ्याच्या जातीचेंच. वाद सर्वांच्या समाधानानें मिटला असें नाहीं. परंतु तो कोणत्या पातळीवर चालला हें पाहण्यासारखें आहे. दोन्ही बाजूंनीं हात पिठांत घातले. 'करी' च्या बाबतींत कोणीं एवढेंहि केलें नाहीं.

आतां दुसऱ्या बातमीकडे वळूं. तिच्या मागें असलेली परीक्षेची रीत अगदीं निराळी आहे. येथें सूक्ष्मदर्शकाखालीं कण पाहावयाचे नसतात. खापराचा तुकडा कुटून त्याची पूड करतात, तिच्यांतील स्निग्धांश द्रावकानें उतरवून घेतात आणि यंत्रांत तापवून त्यांतील एकेक आम्ल वेगळें करतात. मग त्या आम्लांतील कर्बाच्या हलक्या व जड अणूंचें प्रमाण मोजतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या अंगावरील चरबी आणि त्याचें दूध यांत तेंच आम्ल निराळ्या वाटेनें येतें. म्हणून जड कर्बाचें प्रमाण दोहोंत निराळें पडतें, आणि चार हजार वर्षांच्या खापरावरूनहि 'हें दूध' व 'ही चरबी' असें म्हणतां येतें. इंग्लंडांतील ब्रिस्टलचे रिचर्ड एव्हरशेड यांनीं १९९८ सालीं ही रीत प्रथम मांडली. दहा वर्षांनीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पश्चिम आशिया व आग्नेय युरोप यांतील बावीसशेंहून अधिक भांडीं तपासलीं आणि दुधाचा वापर इ. स. पूर्वीं सातव्या सहस्रकापर्यंत मागें नेला.

या रीतीचें आम्हांस सर्वांत पटलेलें उदाहरण पोलंडमधील आहे. तेथील नवाश्मयुगीन वसाहतींत भोंकें पाडलेलीं खापरें सांपडत. पीटर बोगुकी या अभ्यासकानें १९८० नंतरच्या दशकांतच तर्क केला होता कीं, हीं दह्या-पनीरांतील निवळ गाळण्याचीं चाळणीं असावीं. आकारावरून केलेला तर्क, म्हणून तो तर्कच राहिला. २०१२ च्या अखेरीस त्या खापरांतील स्निग्धांश तपासले, तेव्हां ते दुधाचे निघाले, आणि सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं तेथें दूध नासवून घट्ट पदार्थ करीत असत हें ठरलें. येथें आकार व रसायन या दोन साक्षीदारांनीं एकमेकांस न विचारतां एकच उत्तर दिलें आहे. हरप्पाकालीन वसाहतींतहि अंगभर भोंकें असलेलीं उंच भांडीं सांपडतात, आणि त्यांच्याविषयींहि असेच तर्क झाले आहेत. परंतु पोलंडची चाळणी पनीराची होती म्हणून सिंधुकांठचीहि तशीच, हा न्याय चालणार नाहीं.

सिंधु-संस्कृतीच्या खापरांवर हीच रीत अक्ष्येता सूर्यनारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लाविली. राखीगढीसारखें नगर आणि भोंवतालचीं लहान गांवें मिळून हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश यांतील सात ठिकाणचीं १७२ खापरें त्यांनीं घेतलीं. फरमाणा त्यांत आहे. निबंध २०२० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला. खापरांत प्राण्यांची चरबी मोठ्या प्रमाणांत निघाली. रवंथ करणाऱ्या गाय-म्हैस, शेळी-मेंढी यांची, आणि डुकरासारख्या रवंथ न करणाऱ्या प्राण्यांची. दुधाची खूण मात्र थोड्या भांड्यांत. त्या प्रदेशांतील हाडांत अर्ध्याहून अधिक हाडें गाई-म्हशींचीं असतात, हें पूर्वींपासून ठाऊक होतेंच. तेव्हां हे लोक मांस शिजवीत होते यांत शंका घेण्यास जागा नाहीं, आणि ती घेण्याचा आमचा उद्देशहि नाहीं.

आमचा मुद्दा निराळा आहे. स्निग्धांश मोजणारी रीत जेथें स्निग्धता आहे तेथेंच बोलते. जव, गहूं, तांदूळ, डाळ यांत ती इतकी अल्प कीं, वर्षभर त्यांत पेज शिजविली तरी मातींत फारसें मुरणार नाहीं. मांसाचा एक तुकडा मात्र आपली सही करून जातो. भाकरी तर मडक्यांत जातच नाहीं. उलट पिष्टकण शोधणाऱ्यास मांस दिसूंच शकत नाहीं, कारण मांसांत पिष्टकण नसतात. एका परीक्षकाच्या चष्म्यांतून सारें जेवण वनस्पतींचें दिसणार, दुसऱ्याच्या चष्म्यांतून तें चरबीचें दिसणार. आणि निखाऱ्यावर भाजलेला मासा किंवा हातांत धरून खाल्लेलें बोर दोघांच्याहि दृष्टीस पडणार नाहीं. फरमाण्याच्या एकाच घरांत सकाळीं जवाची पेज, दुपारीं वांगें आणि सणाच्या दिवशीं बोकड शिजला असेल, तर दोन्ही निबंध खरे आणि दोन्ही मथळे खोटे. दोन्ही निबंधांचे लेखक हें जाणतात. आपल्या रीतीच्या मर्यादा त्यांनीं स्वतःच मांडल्या आहेत. मथळ्यांत त्या मावल्या नाहींत.

मथळ्यांनीं काय होतें याचें उदाहरण त्याच वर्षीं दिल्लींत घडलें. २०२० च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय संग्रहालयांत सिंधु-संस्कृतीच्या अन्नावर प्रदर्शन व भोजन असा कार्यक्रम योजिला होता. प्रथमच्या यादींत मांस व मासे होते. आयत्या वेळीं ते वगळून केवळ शाकाहारी पंक्ति वाढण्यांत आली. संग्रहालयांत देवदेवतांच्या मूर्ति आहेत, तेथें मांस नको, असें कारण सांगितलें गेलें. आपल्या आवारांत काय शिजूं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार संग्रहालयास आहे. पण त्या ताटास सिंधु-संस्कृतीचें नांव द्यावयाचें तर हाडें, बिया, खापरें या तिघांस विचारून द्यावें लागेल, आणि तीं तिघें एवढ्या एकमतानें शाकाहारी नाहींत. पुढें डिसेंबरांत तो निबंध आला तेव्हां दुसऱ्या पक्षानें त्याच उतावळेपणानें जयघोष केला. आमच्या समाजांत माणसानें काय खावें या प्रश्नावरून घरें भाड्यानें मिळत नाहींत, सोयरिकी मोडतात, कधींकधीं त्याहून वाईट घडतें. अशा प्रश्नाचा निकाल चार हजार वर्षांपूर्वींच्या मडक्याकडून मागावा, ही दोन्ही पक्षांची सवयच आम्हांस चमत्कारिक वाटते. फरमाण्याचे लोक मांस खात होते म्हणून आज कोणी तें खावें असें ठरत नाहीं, आणि ते वांगें खात होते म्हणून कोणी मांस सोडावें असेंहि ठरत नाहीं.

या घाईंत हरवलें तें संशोधनांतील खरें कोडें. रवंथ न करणाऱ्या प्राण्याच्या चरबीसारखी खूण इतक्या खापरांत निघते, पण त्याच वसाहतींच्या हाडांत डुकराचीं हाडें शेंकडा दोनतीनच. मडकीं डुक्कर म्हणतात, उकिरडा गाय म्हणतो. डुकराचें मांस खाऊन हाडें दुसरीकडे टाकलीं काय? पक्ष्यांची व लहान श्वापदांची चरबी अशीच दिसते, ती आहे काय? कीं गाई-बकरीची चरबी आणि वनस्पतींचें तेल एकाच भांड्यांत वरचेवर शिजल्यानें दोहोंच्या मिश्रणास तिसऱ्याच प्राण्याचा भास आला? ही शेवटची शक्यता संशोधकांनींच मांडलेली आहे, आणि आम्हांस ती सर्वांत विचारार्ह वाटते. कारण भाजी व मांस एकत्र शिजविणें, किंवा एकाच मडक्यांत आळीपाळीनें शिजविणें, ही कोणत्याहि गरीब घराची रीत आहे. दुसरा भाग दुधाचा. गाई-म्हशींचीं हाडें ढीगभर, आणि मडक्यांत दूध थोडें. दूध मातीच्या भांड्यांत न तापवितां तसेंच पीत असतील, किंवा तें चामड्याच्या वा लांकडाच्या भांड्यांत ठेवीत असतील, तर खापराला त्याची वार्ता असणार नाहीं.

दुधाच्या बाबतींत कच्छमधील कोटडा भाडली या लहानशा वसाहतीची साक्ष या साक्षीशेजारीं ठेवून वाचली पाहिजे. तेथील उत्खनन डेक्कन कॉलेजचे डॉ. प्रबोध शिरवळकर व गुजरातचें पुरातत्त्व खातें यांनीं केलें. कल्याण शेखर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील ५९ खापरें तपासलीं. त्यांपैकीं २१ खापरांत दुधाचे स्निग्धांश निघाले. काळ इ. स. पूर्वीं २५०० च्या सुमाराचा, म्हणजे फरमाण्याच्याच पिढ्यांचा. हरियाणांत दुधाची खूण थोडी, कच्छांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक. एकाच संस्कृतीचीं वजनें, मापें, विटा सारख्या, म्हणून तिचीं ताटेंहि सारखीं असतील असें आम्ही सारे गृहीत धरून बसलों होतों. खापरें तें गृहीत मोडीत काढीत आहेत. कोंकणांतल्या घरचें आणि विदर्भांतल्या घरचें जेवण एक नसतें हें ज्या वाचकास रोजच्या अनुभवानें ठाऊक आहे, त्यास यांत नवल वाटूं नये. 'सिंधु-संस्कृति काय खाई' हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. कच्छ काय खाई, राखीगढी काय खाई, आणि राखीगढीच्या बाहेरचें खेडें काय खाई, असे तीन प्रश्न विचारावे लागतील.

भूक आणि धर्म यांच्या भांडणांत चव या तिसऱ्या गोष्टीचें कोणी नांव काढीत नाहीं. डेन्मार्क व उत्तर जर्मनी यांच्या किनाऱ्यावरील सुमारें सहा हजार वर्षांपूर्वींच्या मडक्यांच्या खरवडींत लसणीच्या वासाच्या एका रानमोहरीच्या बियांचे गारेसारखे कठीण सूक्ष्म अवशेष सांपडले. हेली सॉल व सहकारी यांनीं २०१३ सालीं तें प्रसिद्ध केलें. त्याच खरवडींत मासे व मांस यांचे स्निग्धांश होते. या मोहरीच्या बियांनीं पोट भरत नाहीं. त्या वाटून कालवणांत घातल्या त्या तिखटपणासाठीं. शिकार व मासेमारी यांवर जगणाऱ्या, शेतीची नुकतीच ओळख होत असलेल्या त्या लोकांनाहि फिकें जेवण नको होतें. फरमाण्याचें आलें व हळद यांचें खरें महत्त्व आम्हांस याच ठिकाणीं दिसतें. मिरची तेव्हां नव्हती. ती पोर्तुगीजांच्या मागून आली. मिरचीवांचून या देशांतलें जेवण तिखट कसें होई, या प्रश्नास एक जुनें उत्तर त्या दांतांनीं दिलें आहे, आणि तें कोणत्याहि 'करी' पेक्षां मोलाचें आहे.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनें जें उत्खनन केलें, त्यांतून महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचे जव, मसूर, कुळीथ आणि जनावरांचीं हाडें यांची जेवढी तपशीलवार माहिती मिळाली तेवढी आपल्याकडे क्वचित् कोठें मिळाली असेल. तीं खापरें त्या काळच्या उत्तम रीतीप्रमाणें धुतलीं गेलीं. मातींत मुरलेलें तेल-चरबी धुण्यानें जात नाहीं, त्यामुळें जोर्वे घाटाचीं तीं तांबडीं भांडीं अजून बोलूं शकतील. पण बुडाची खरवड आणि पृष्ठभागावरचे पिष्टकण पाण्याबरोबर गेले ते गेले. पुढें जेथें कोठें कुदळ पडेल तेथें बुडाकडचीं आणि गळ्याकडचीं निदान कांहीं खापरें हात न लावतां, न धुतां, आंतल्या मातीसकट वेगळीं गुंडाळून ठेवावीं, आणि शेजारची नुसती मातीहि ताडून पाहण्यासाठीं बरोबर घ्यावी. यास फारसा खर्च नाहीं. दोन जादा पेट्या आणि धुणाऱ्या मजुरास वेळीं केलेली एक सूचना एवढेंच लागतें.